जुने लेख शेवटच्या पानावर का हरवतात? वेबसाईट चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांसाठी

मोबाईलवर ‘कोंढाणा’ असा शब्द टाकून शोधले की पुण्याचा सिंहगड समोर येतो, कारण कोंढाणा हे त्या किल्ल्याचे जुने नाव. ‘कोंढाणे’ टाकले तर कर्जत तालुक्यातल्या कोंढाणे धरणाच्या बातम्या मिसळतात. नुसते ‘कर्जत’ टाकले तर रायगडचे कर्जत आणि अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत यांची सरमिसळ होते. यातून वाट काढत नेरळचा किंवा खोपोलीचा एखादा मुलगा ‘कोंडाणे बौद्ध लेणी’पर्यंत पोहोचला, तरी बऱ्याचदा त्याच्यासमोर ट्रेक नेणाऱ्यांची आणि फार्महाऊसवाल्यांची पाने येतात. तिथे लेणी म्हणजे पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर फोटो काढण्याचा एक टप्पा. चैत्यगृह कोणी कोरले, शिलालेख काय सांगतो, याबद्दल असलीच तर एखादी ओळ.

आपल्या लोकांनी लिहिलेले नाही म्हणून असे होते, हे काही खरे नाही. लेण्यांवर, विहारांवर, वस्त्यांच्या प्रश्नांवर, शिष्यवृत्तीच्या अडचणींवर आपल्या छोट्या-मोठ्या वेबसाईटवर आणि ब्लॉगवर भरपूर मजकूर आहे. अनेकदा तो ट्रेकवाल्यांच्या मजकुरापेक्षा कितीतरी चांगला असतो. पण तो यादीच्या चाळिसाव्या, साठाव्या पानावर जाऊन पडलेला असतो. तिथपर्यंत माणूस जात नाही, आणि गुगलचा रोबोटही क्वचितच जातो. हे का होते आणि त्यावर काय करता येते, एवढ्यापुरताच हा लेख आहे. यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. वेबसाईटच्या सेटिंगपर्यंत पोहोचता येणारा एक कार्यकर्ता आणि दोन-तीन रविवार पुरतात.

आधी रोबोट कसा चालतो ते पाहू. गुगलकडे क्रॉलर नावाचा एक प्रोग्राम आहे. तो एका पानावर जातो, तिथल्या लिंक वाचतो आणि त्या लिंकवरून पुढच्या पानांवर जातो. जे पान त्याला वाचण्यासारखे वाटते ते गुगलच्या सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये नोंदले जाते. कोणी काही शोधले की निकाल या सूचीतून काढले जातात. म्हणजे लेख लिहून ‘प्रकाशित करा’ दाबणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्या लेखाकडे जाणारी लिंक कुठूनतरी असली पाहिजे आणि ती फार लांबून नसावी. मुख्य पानावरून दोन-तीन क्लिकमध्ये सापडणाऱ्या पानाला साधारणपणे महत्त्वाचे समजले जाते. जे पंचवीस क्लिक लांब आहे, त्याला खुद्द वेबसाईटवाल्यांनीच अडगळीत टाकले आहे असा अर्थ निघतो.

समजा, आपल्या वेबसाईटवर ८०० लेख आहेत. वर्डप्रेसमध्ये एका पानावर १० लेख दाखवायचे हे आधीपासून ठरलेले असते, आणि बहुतेक जण ते कधी बदलत नाहीत. म्हणजे यादीची ८० पाने झाली. यालाच पेजिनेशन म्हणतात. खाली जर फक्त ‘जुने लेख’ एवढीच लिंक असेल, तर ऐंशिवाव्या पानावर पोहोचायला एकामागून एक ७९ क्लिक लागतात. तिथेच १, २, ३ … ४० … ८० असे आकडे दिले, तर शेवटचे पान पहिल्या पानापासून एका क्लिकवर येते. साधा बदल आहे. बहुतेक थीममध्ये त्याची सोय असते, नसेल तर पेजिनेशनचे एखादे मोफत प्लगइन टाकता येते. ‘एका पानावर किती लेख’ हा आकडा १० वरून २० किंवा २५ केला, तर ८० पानांची ४० किंवा ३२ पाने होतात. फोटो हलके ठेवले तर स्वस्त मोबाईलवरही एवढी यादी चटकन उघडते.

‘आणखी पहा’ बटणाची गोम

गेल्या काही वर्षांत फेसबुकसारखे दिसावे म्हणून आपल्या अनेक वेबसाईटनी पानांचे आकडे काढून टाकले. खाली एक बटण आले, ‘आणखी पहा’. किंवा बोटाने सरकवत राहा, लेख येत राहतात. दिसायला छान. पण गुगलचा रोबोट बटण दाबत नाही आणि माणसासारखा खाली सरकवत बसत नाही. त्याला खरी लिंक लागते, जिला स्वतःचा पत्ता आहे अशी. बटणाच्या मागे असा पत्ता नसेल, तर रोबोटच्या दृष्टीने तुमच्या वेबसाईटवर पहिले दहाच लेख आहेत आणि त्यानंतर भिंत. बटण ठेवायचेच असेल तर थीम बनवणाऱ्याला सांगा की त्याच्या आत ‘पेज/२’, ‘पेज/३’ असा खरा पत्ता असलेली लिंक हवी. काही थीम पत्त्याच्या शेवटी हॅशचे चिन्ह टाकून त्यापुढे पानाचा क्रमांक देतात. तेही उपयोगाचे नाही, कारण हॅशनंतरचा भाग गुगल मोजत नाही आणि सगळी पाने त्याला एकच वाटतात.

पानांचे आकडे जुनाट दिसतात, असे तरुण मुले म्हणतात. गुगलने स्वतःच्या निकालांसाठी २०२१ मध्ये मोबाईलवर आणि पुढे संगणकावरही सतत सरकणारी यादी आणली होती. २०२४ मध्ये ती काढून टाकली.

ब्लॉगरवर लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. आपल्या समाजातले कितीतरी जुने, मेहनतीने लिहिलेले मराठी ब्लॉग त्या मोफत सेवेवर आहेत, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. ब्लॉगरवर खाली ‘जुन्या पोस्ट’ अशी लिंक असते. ती नीट पाहिली तर तिच्या पत्त्यात ‘सर्च’ हा शब्द दिसेल. विषयांची लेबले असतात, त्यांच्याही पत्त्यात ‘सर्च’ असतो. आणि ब्लॉगर आपल्या ब्लॉगसाठी जी रोबोट्स फाईल आपोआप बनवतो, म्हणजे रोबोटने कुठे जायचे आणि कुठे नाही हे सांगणारी फाईल, तिच्यात ‘सर्च’ने सुरू होणारे सगळे पत्ते बंद असतात. परिणाम असा की ‘जुन्या पोस्ट’ आणि लेबल या दोन्ही वाटा माणसाला उघड्या आहेत, पण रोबोटला बंद आहेत. रोबोटकडे मग मुख्यतः दोन रस्ते उरतात. एक साइटमॅप, म्हणजे सर्व लेखांच्या पत्त्यांची यादी, जी ब्लॉगर स्वतः तयार करतो. दुसरा, लेखकाने हाताने दिलेल्या लिंक. साइटमॅपमुळे लेख अस्तित्वात आहे एवढे कळते. तो महत्त्वाचा आहे का, हे कळायला लिंकच लागतात. म्हणून ब्लॉगरवर असाल तर ‘सर्व लेख’ नावाचे एक स्थिर पान बनवा आणि त्यावर वर्षवार सगळ्या लेखांची शीर्षके लिंकसह द्या. कंटाळवाणे काम आहे, पण ज्या ब्लॉगवर दहा वर्षांचे लिखाण आहे तिथे याइतका फायदा दुसऱ्या कशातून होणार नाही.

दुसऱ्या पानाला लपवू नका

एसईओ शिकवणाऱ्या यूट्यूब व्हिडिओंमधून एक सल्ला सर्रास दिला जातो: यादीच्या दुसऱ्या पानापासून पुढच्या सगळ्या पानांना ‘नोइंडेक्स’ लावा किंवा त्यांचा कॅनॉनिकल पत्ता पहिल्या पानाचा द्या. दोन्ही शब्द समजून घेतले की चूक कळते. नोइंडेक्स म्हणजे ‘हे पान सूचीत घेऊ नका’ अशी खूण. कॅनॉनिकल म्हणजे ‘या पानाची मूळ प्रत अमुक पत्त्यावर आहे’ असे सांगणारी ओळ.

आता दुसऱ्या पानावर पहिल्या पानाची प्रत नसतेच. तिथे वेगळे दहा लेख असतात. ‘मूळ पान पहिलेच आहे’ असे सांगितले तर गुगल दुसऱ्या पानाकडे दुर्लक्ष करू शकतो, आणि त्यावरच्या दहा लेखांची वाटही त्याबरोबर जाते. नोइंडेक्सचेही तसेच. एखाद्या पानावर ती खूण दीर्घकाळ राहिली की गुगल हळूहळू त्या पानावरच्या लिंककडे पाहणेही सोडून देतो. ज्या पानाचे कामच जुन्या लेखांकडे नेणे आहे, त्याचे तोंड आपणच बांधायचे, असा हा सल्ला आहे. म्हणून यादीच्या प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता हवा, प्रत्येकाचा कॅनॉनिकल त्याचा स्वतःचाच हवा आणि कोणावरही नोइंडेक्स नको. सगळ्या पानांचे शीर्षक सारखे असले तरी गुगलची हरकत नाही. मात्र ८० पानांच्या वेबसाईटवर कोणी ‘पेज/५००’ उघडले तर ‘पान सापडले नाही’ असे उत्तर आले पाहिजे. रिकामी यादी दाखवणाऱ्या थीम असतात, त्यांना रोबोट नसलेल्या पानांवर फिरत राहतो.

‘पुढचे’ आणि ‘मागचे’ असे पानांचे नाते सांगणारी एक छुपी खूणही असते. गुगलने ती २०११ मध्ये सुचवली होती आणि मार्च २०१९ मध्ये जाहीर केले की ती वापरत नाही. इतर सर्च इंजिनांना तिचा थोडा उपयोग होऊ शकतो. असेल तर राहू द्या, नसेल तर तिच्यासाठी पैसे मोजू नका. अजूनही काही जण एसईओच्या पॅकेजमध्ये तिचे वेगळे शुल्क लावतात.

यादीच्या पानांचा एक दोष मात्र कोणत्याही सेटिंगने जात नाही. ती सरकतात. खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या आठवड्यात लिहिलेला लेख तेव्हा पहिल्या पानावर होता. महिन्याने तिसऱ्या पानावर गेला, आज कितव्या पानावर आहे ते रोज बदलते. कोणी व्हॉट्सअॅपवर ‘पेज/७’ची लिंक पाठवली तर दोन आठवड्यांनी तिथे भलतेच काही असते. गुगलनेही सातवे पान वाचले तेव्हा तिथे इर्शाळवाडी होती, वाचक पोहोचला तेव्हा ती आठव्या पानावर गेली. म्हणून यादीची पाने रस्ता म्हणून उघडी ठेवायची, पण लोकांना तिथे पाठवायचे नाही. पाठवायचे ते लेखाच्या स्वतःच्या पत्त्यावर.

बाबासाहेबांच्या पत्रांचे पाहा. ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२०चा, ‘बहिष्कृत भारत’चा ३ एप्रिल १९२७चा. शंभर वर्षांनीही संशोधक तो अंक तारखेने मागवतो आणि त्याला तोच अंक मिळतो. वेबसाईटवर या पद्धतीच्या सर्वांत जवळ जाते ती महिनावार यादी. वर्डप्रेसमध्ये ‘२०२३/०७’ अशा पत्त्यावर जुलै २०२३चे सगळे लेख मिळतात, आणि महिना संपला की ती यादी सहसा हलत नाही. अनेक थीममध्ये ही सोय असूनही कुठे दिसत नाही. तळाशी वर्षांची नावे देऊन ती उघडी करा. दहा मिनिटांचे काम.

शोधाची पाने: इथे मात्र दार लावा

वेबसाईटवर वर एक शोधपेटी असते. तिच्यात ‘लेणी’ टाकले की निकालांचे एक पान तयार होते आणि त्या पानालाही पत्ता असतो. ‘विहार’ टाकले की दुसरे पान, ‘विहार कर्जत’ टाकले की तिसरे. जितके शब्द तितकी पाने, म्हणजे मोजदादच नाही. प्रत्येक निकालाची पुन्हा पाने पडतात. हीच जागा आहे जिथे रोबोटला थांबवायचे असते. गुगलची भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे: आमच्या निकालात तुमच्या वेबसाईटच्या निकालांची पाने नकोत. गुगलमध्ये शोधणाऱ्याला उत्तर हवे असते, दुसरी शोधयादी नको असते. शिवाय रोबोट तुमच्या वेबसाईटला देत असलेला वेळ अशा तात्पुरत्या पानांवर जाऊ शकतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट बदनामीची आहे. स्पॅम करणारे लोक एक साधी युक्ती वापरतात. ते तुमच्या शोधपेटीत जुगाराच्या अॅपचे नाव, कर्ज देणाऱ्यांचा फोन नंबर किंवा अश्लील शब्द टाकतात आणि तयार झालेल्या पत्त्याच्या लिंक इकडेतिकडे पसरवतात. निकाल शून्य असतो, पण पानाच्या शीर्षकात तो शब्द आणि शेजारी तुमच्या वेबसाईटचे नाव छापले जाते. गुगलने ते पान सूचीत घेतले की सट्ट्याच्या अॅपच्या नावाबरोबर एखाद्या बुद्धविहाराच्या किंवा आंबेडकरी संस्थेच्या वेबसाईटचे नाव दिसू लागते. वेबसाईट हॅक झालेली नसते, पण पाहणाऱ्याला तसेच वाटते. त्याचे स्क्रीनशॉट फिरवायला टपलेले लोक आपल्याला ठाऊक आहेतच.

तपासणी सोपी आहे. गुगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे कोलन आणि जागा न सोडता आपल्या वेबसाईटचा पत्ता टाका. सूचीतली तुमची बरीचशी पाने दिसतील. त्यात ओळखीचे नसलेले शब्द, परक्या लिपीतली शीर्षके किंवा ‘चे निकाल’ असे मथळे दिसले की दार उघडे आहे असे समजा. मार्च २०२१ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.७ आवृत्तीपासून शोधाच्या पानांवर नोइंडेक्स आपोआप लागते. त्यापूर्वीच्या आवृत्तीवर थांबलेल्या आणि कोणा ओळखीच्या मुलाकडून हाताने बनवून घेतलेल्या वेबसाईट धोक्यात असतात. कित्येक संस्थांची वेबसाईट अशीच एकदा बनवली गेली आणि नंतर तिला कोणी हात लावलेला नाही.

दार लावण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचा क्रम चुकला तर काम उलटते. नोइंडेक्स ही पानावरची खूण आहे, ती वाचायला रोबोटला पानावर यावे लागते. रोबोट्स फाईल ही वेशीवरची पाटी आहे, ती पानावर येण्यापासूनच अडवते. दोन्ही एकदम लावले तर रोबोट वेशीवरच अडतो आणि नोइंडेक्स त्याला कधीच दिसत नाही. पान बाहेरच्या लिंकमुळे सूचीत राहूही शकते. म्हणून शोधाची पाने आधीच सूचीत गेली असतील तर प्रथम फक्त नोइंडेक्स लावा, ती सूचीतून गळेपर्यंत काही आठवडे थांबा, आणि मग हवे तर वेशीवर पाटी लावा. हजारो लेखांच्या मोठ्या वेबसाईटला पाटीची गरज पडते. पाचशे-हजार लेखांच्या वेबसाईटला, माझ्या मते, नुसते नोइंडेक्स पुरते.

हे केल्यावर शोधपेटी काढून टाकू नका. ती वाचकांसाठी राहू द्या, आणि लोक तिच्यात काय टाकतात ते अधूनमधून पाहा. वर्डप्रेसचा साधा शोध टाकलेली अक्षरे जशी आहेत तशी जुळवतो. ‘लेणी’ टाकणाऱ्याला ‘लेण्यांमध्ये’ एवढाच शब्द असलेला लेख मिळत नाही. मराठीत शब्दाचे रूप प्रत्येक विभक्तीला बदलते, त्यामुळे शून्य निकाल येतात आणि वाचकाला वाटते, यांनी यावर लिहिलेलेच नाही.

टॅगचाही इथेच हिशेब करू. प्रत्येक टॅग ही एक नवी यादी असते आणि तिला स्वतःची पाने असतात. आपल्या वेबसाईटवर ‘जय भीम’, ‘जयभीम’ आणि ‘जय-भीम’ असे तीन टॅग सुखाने नांदतात. ‘बुद्ध जयंती’, ‘बुद्ध पौर्णिमा’ आणि ‘वैशाख पौर्णिमा’ वेगवेगळे. आठशे लेखांना दोन हजार टॅग लागले की बहुतेक टॅगच्या पानावर एकच लेख उरतो. ही शोधाच्या पानांचीच दुसरी आवृत्ती झाली. तीस-चाळीस टॅग ठरवा, बाकीचे त्यांत मिळवा आणि नवा टॅग बनवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. यावरून मंडळात भांडण होईल. होऊ द्या.

मग वाचकाला पाठवायचे कुठे?

यादी सरकते आणि शोधाचे पान बंद ठेवायचे, मग ‘कर्जत बौद्ध लेणी’ शोधणाऱ्यासाठी उरते ते विषयाचे स्थिर पान. ते हाताने लिहायचे असते. एक पत्ता, जो कधी बदलणार नाही. वर चार-पाच परिच्छेद खरी माहिती, खाली आपल्या सगळ्या संबंधित लेखांच्या लिंक, प्रत्येकीपुढे एक ओळ.

या पानावर काय असू शकते? राजमाचीच्या पायथ्याशी कोंडिवडे गावाजवळची कोंडाणे लेणी, सोळा लेण्यांचा समूह, दोन हजार वर्षांपूर्वीचा. चैत्यगृहाची दर्शनी बाजू लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात करते, त्यामुळे ही आपल्याकडच्या सुरुवातीच्या लेण्यांपैकी मानली जातात. तिथल्या एका शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीतला छोटा लेख आहे, त्यात कान्ह याचा शिष्य बलक याने हे केले अशी नोंद आहे. कोरणाऱ्याचे नाव दगडावर राहिले, ही गोष्ट एकही ट्रेकवाला ठळक सांगत नाही. मग कशेळ्यावरून कोथळीगडाकडे जाताना लागणारे आंबिवलीचे लेणे, ज्याला कल्याणजवळच्या आंबिवली स्टेशनापासून वेगळे करून सांगावे लागते. त्यापुढे सुधागड तालुक्यातली ठाणाळे आणि खडसांबळे, दक्षिणेला महाडची गांधारपाले, किनाऱ्याकडची कुडा. कर्जतचा मुलगा एका लेण्यावरून सहाव्यावर जाईल, आणि रोबोटही त्याच वाटेने जाईल.

नावे लिहिताना सगळी रूपे वाक्यात सहज येऊ द्या: कोंडाणे, कोंढाणे, कोंडाणा. कर्जत लिहिले की एकदा तरी ‘रायगड जिल्हा’ लिहा. जुन्या कागदपत्रांत हाच जिल्हा ‘कुलाबा’ आहे. महाडच्या १९२७च्या सत्याग्रहाचे तेव्हाचे कागद पाहणाऱ्याला तो शब्द लागतो, म्हणून तोही असावा. आपली मुले मोबाईलवर मराठी शब्द रोमन लिपीतही टाइप करतात, त्यामुळे गावाचे आणि लेण्याचे नाव एकदा त्या लिपीत, निदान फोटोच्या वर्णनात द्यावे. पण एकाच ओळीत वीस रूपे कोंबणे हा गुगलच्या नियमात गैरप्रकार आहे, आणि वाचायलाही वाईट दिसते.

हीच पद्धत योजनांच्या माहितीला लावा. तिथे गोंधळाची किंमत एखाद्याच्या शिक्षणाचे वर्ष असू शकते. आपण दरवर्षी स्वाधार योजनेवर नवा लेख टाकतो, त्यामुळे चार वर्षांचे चार लेख सूचीत राहतात आणि विद्यार्थ्याला त्यांतला जुना, संपलेल्या मुदतीचा सापडतो. एकच स्थिर पान ठेवा, दरवर्षी तेच अद्ययावत करा, वर तारीख लिहा, आणि जुन्या लेखांच्या सुरुवातीला ‘ताजी माहिती इथे’ अशी लिंक द्या. शासनाच्या निर्णयांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असे शब्द असतात, आपली मुले ‘बौद्ध विद्यार्थी’ असे शोधतात. पानावर दोन्ही हवेत.

एक बारीक गोष्ट पत्त्याची. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यातला शीर्षकाचा भाग २०० चिन्हांवर तोडते, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासह, तिथे नऊ चिन्हांची जागा घेते. म्हणजे बावीसेक देवनागरी चिन्हांत जागा संपते. ‘कर्जत तालुक्यातील कोंडाणे’ एवढे शीर्षकही पूर्ण बसत नाही, पत्ता ‘कोंडाण’वर तुटतो. गुगलला याने फारसे बिघडत नाही. पण व्हॉट्सअॅपवर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ पाहून आई-वडिलांच्या पिढीतले लोक लिंक उघडायला घाबरतात, आणि त्यांचे घाबरणे योग्यच आहे. महत्त्वाच्या पानांना दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता प्रकाशित करण्यापूर्वीच द्या. प्रकाशित झाल्यावर बदलायचा असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण लावून मगच बदला, नाहीतर आधी शेअर झालेल्या लिंक मरतात.

कामाची सुरुवात गुगल सर्च कन्सोलपासून करा. ते मोफत आहे. वेबसाईट तुमची आहे हे एकदा सिद्ध केले की ‘पाने’ या भागात कोणती पाने सूचीत आहेत, कोणती नाहीत आणि का नाहीत हे दिसते. तिथे साइटमॅपचा पत्ता द्या. वर्डप्रेस ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून तो स्वतः बनवते. ‘सापडले, पण अजून वाचले नाही’ अशा अर्थाच्या ओळीखाली तुमचे जुने लेख दिसले, तर लांब पडलेले लेख तेच. ती यादी उतरवून घ्या, त्यातले आजही उपयोगी असलेले निवडा आणि विषयाच्या पानांवरून त्यांना लिंक द्या. बदल दिसायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. तोवर रोज उठून निकाल पाहू नका. महिन्यातून एकदा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवला, की पुढच्या कार्यकर्त्याला कुठून सुरुवात झाली होती ते कळते.